फळीखालचा उजेड

तिसऱ्यांदा पट्टी पडली ती थेट खळीवर. बाबांनी नुकतीच कागदाला खळ लावली होती आणि वरच्या फळीखालून एलईडीची पट्टी मधोमध सुटून त्यात लोंबली. टोकं तशीच चिकटलेली. बाबांनी ब्रश खाली ठेवला, पट्टी दोन बोटांनी उचलली आणि ओल्या फडक्याने पुसत म्हणाले, "हिलाही माझा कंटाळा आलाय."

मी हसले नाही. रविवार चार दिवसांवर आला होता.

बाबा पुस्तकबांधणी करत. चाळीस वर्षं एकच टेबल, त्याच्यावर हात पोचेल एवढ्या उंचीवर एक लांब फळी. गेल्या वर्षीपासून त्यांची नजर मंदावली. सुईचं भोक चुकायला लागलं, मग टाका. दादाचं म्हणणं, आता पुरे, माझ्याकडे राहायला चला. टेबल त्याच्या घरात मावणार नव्हतं. दोघांची वादावादी होऊन शेवटी बाबांनीच अट घातली: ग्रंथालयातून आलेलं जुनं नकाशांचं पुस्तक रविवारपर्यंत सरळ शिवून झालं तर टेबल इथेच राहील आणि बाबाही. नाही तर दादाने टेम्पो आणावा.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की यांना उजेड जास्त हवा, पण जवळून आणि सावली न पाडणारा. टेबलावरच्या दिव्यात त्यांच्याच हाताची सावली टाक्यावर पडे. फळीखाली लांब पट्टी लावली तर उजेड सगळीकडून येतो. पहिल्या दिवशी पट्टी लावली तेव्हा बाबांनी कागदाची कड नाकाजवळ न नेता पाहिली आणि लगेच सुई उचलली. दुसऱ्या दिवशी ती पडली.

पट्टीच्या मागे आलेला टेप कच्चा असतो, हे मला माहीत होतं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. चिकटवण्याशी माझा संबंध नाही, पण पद्धत तीच. त्याच फळीचा कापून उरलेला तुकडा माळ्यावर होता. तो आणून स्पिरिटने पुसला आणि त्यावर चार प्रकारचे टेप लावून प्रत्येकाला वजन टांगलं. तारखा वहीत लिहिल्या. जाड, करड्या रंगाचा एक टेप अकरा दिवस तसूभरही हलला नाही. "भिंत पडेल, पण हा नाही पडणार," असं दुकानदार म्हणाला होता, आणि वजनही तेच सांगत होतं. फळीची खालची बाजूही मी स्पिरिटने पुसली. बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसली. तरी तो टेप फळीवर दोनच दिवस टिकला.

दर वेळी पट्टी मधूनच सुटे. मी ठरवलं की मध्ये उष्णता साठते आणि टेप मऊ पडतो. म्हणून उष्णता पसरवायला अॅल्युमिनियमच्या पन्हळीचे तीन तुकडे आणले आणि पट्टी त्यांच्यात बसवली. मधला तुकडा पट्टीसकट पडला, ती ही तिसरी वेळ.

"मग आता?" बाबांनी विचारलं.

"गरम करून लावायचा गोंद दिव्याच्या उष्णतेने सैल होईल. झटपट चिकटणारा ठिसूळ असतो, धक्का बसला की तडकतो. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन पट्टीतल्या तांब्याच्या तारांना खातं. राहिला दोन नळ्यांचा, मिसळून लावायचा. तो लावते. कायमचा."

"कायमचा म्हणजे?"

"काढायचा झाला तर लाकूडच निघेल."

"मग नको."

"बाबा, तीन वेळा पडलीय."

"पडू दे. चिकटवलेलं पुढच्याला सोडवता आलं पाहिजे, प्रयोगशाळा." लहानपणी मी त्यांच्या खळीत लिंबू पिळून पाहिलं होतं, तेव्हापासूनचं हे नाव. "माझी खळ कागदापेक्षा कमजोर असते. ओढाताण झाली तर सुटायचं खळीने, फाटायचं कागदाने नाही. आणि हे टेबल उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं तर?"

ते टेबलाच्या जाण्याबद्दल अगदी सहज बोलले. मी स्टुलावर बसून राहिले. बाबांनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला, चौथ्या प्रयत्नात ओवला. मग मेणाच्या गोळ्यावरून दोरा दोनदा ओढला, म्हणजे तो गुंतत नाही. अंगठ्याला मेण लागलं. त्यांचा हात वर गेला, अंगठा फळीच्या खालच्या बाजूला पुसला गेला आणि हात परत खाली आला. बोलणं चालूच होतं. हाताचं काय चाललंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

"बाबा, आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"अंगठा कुठे पुसलात?"

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग माझ्याकडे. "कपड्याला पुसलं तर तिथून मेण कागदाला लागतं," ते सावकाश म्हणाले. "माझ्या गुरूंनी पहिल्याच आठवड्यात मारलं होतं त्यासाठी."

मी टेबलाच्या कडेला पाठ टेकून मागे वाकले आणि मान वर करून टॉर्च फळीच्या खालच्या बाजूवर तिरपा धरला. बाबांच्या खुर्चीसमोर हातभर जागा चकाकत होती. नखाने खरवडलं तर पिवळसर पापुद्रा निघाला. चाळीस वर्षांचं मेण. थंड स्पिरिटला ते दाद देत नाही; मी निव्वळ वरची धूळ पुसली होती. लाकूड तेच घेतलं होतं मी, पण बाबांचा अंगठा माझ्या नमुन्यात नव्हता.

"सापडलं?" बाबांनी विचारलं.

"सापडलं. घोडं इथे पेंड खातंय."

बाबा म्हणाले, "म्हणजे डोळ्यांचा दोष नाही हा."

"नाही. हा अंगठ्याचा."

ते हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

संध्याकाळपर्यंत मी काचेच्या तुकड्याने मेण खरवडलं आणि उरलेलं टर्पेंटाईनने काढलं. तरी लाकडाच्या रंध्रांत किती मुरलंय याची खात्री देता येईना. वहीत तसं लिहिलंही. तेव्हा बाबांनी माझा तो परीक्षेचा तुकडा मागितला. त्याची एक बाजू टेपची, दुसरी कोरी होती.

"हा टिकला ना अकरा दिवस? मग ह्यालाच वर लावू. टेप ह्याच्यावर, आणि हा फळीला सरसाने. सरस गरम पाण्याने सुटतो. लावताना मी दाबून धरतो. तुझा हात हलका आहे."

मी तुकड्याच्या लांब चिपा केल्या. आधी एक छोटी चीप फळीच्या त्याच खरवडलेल्या जागी सरसाने चिकटवून दुसऱ्या दिवशी जोर लावून ओढून पाहिली. लाकूड करकरलं, सरस सुटला नाही. मग बाकीच्या लावल्या. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतल्या शिकंज्यांनी त्या दाबून ठेवल्या. शनिवारी पन्हळ बसवली आणि वीज जोडली. बाबा रात्रीचं जेवण होईपर्यंत शिवत होते. निम्मे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, शिवून झाले.

रविवारी दादा आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोरखंड होता. टेम्पो खाली उभा. बाबांनी मान वर केली नाही.

"किती राहिलेत?" त्याने मला विचारलं.

"तीन फर्मे."

"आणि दिवा?"

"पडला नाही."

दादाने खुर्ची ओढली आणि बसला. तो चिडेल असं मला वाटलं होतं, पण तो बाबांच्या हातांकडे बघत राहिला. शेवटच्या फर्म्याची गाठ मारून बाबांनी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "बघ. तुझे डोळे चांगले आहेत."

दादाने कणा उजेडात धरला, टाक्यांवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी थांबला.

"हा जरा तिरका आहे."

"तो बुधवारचा," बाबा म्हणाले. "पट्टी पडली त्या दिवसाचा. उसवू?"

दादाने पुस्तक अलगद मिटलं. "राहू दे. टेम्पोवाल्याला जायला सांगून येतो." दारात वळून म्हणाला, "पण दर रविवारी जेवायला यायचं माझ्याकडे. ही अट माझी."

"टेबल सोडून येईन," बाबा म्हणाले.

तो जिना उतरला. बाबांनी पुढच्या कामासाठी दोरा कापला, मेणावरून ओढला आणि त्यांचा हात सवयीने वर गेला. फळीच्या कडेला, खुर्चीसमोर, मी जाड कापडाचा एक तुकडा अडकवला होता. अंगठा त्याला पुसला गेला. तो तुकडा चिकटवायच्या भानगडीत मी पडले नव्हते. सरळ दोन खिळे मारले होते.