एक ठक, दोन ठक

भर दुपारी गोदामाच्या खिडक्यांना पोती ठोकून अंधार केला होता, आणि त्या अंधारात आम्ही कारखान्यातली तीनशे माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत उजेडाची वाट पाहत होतो. समोर लाकडी चौकटीत ताणलेला दाराएवढा पांढरा कागद. अलीकडे स्टुलावर एक दिवा. पलीकडे, काळ्या पडद्याआड, बाबांची दिव्य ज्योत. तिच्याकडे थेट पाहिलं तर म्हणे डोळे जातात. सोय बघा.

"मी कुणाला शिक्षा देत नाही, बाळांनो," उजेडबाबा म्हणाले. आवाज असा मऊ की लोणी लाजावं. "मी नुसता दाखवतो. निष्पाप माणसातून उजेड आरपार जातो. पापी माणसात तो अडकतो. मग कागद काय करील बिचारा? काळाच पडणार."

एकेक जण दिव्याशेजारी उभा राहत होता. बाबा डोळे मिटून पुटपुटत, काठी फरशीवर दोनदा आपटत, ठक ठक, आणि कागद मघासारखाच कोरा राही. लोक सुटकेचा श्वास टाकत. सहा जण असे सुटले. सातवे आमचे चहावाले काका. काठी एकदाच वाजली. कोऱ्या कागदाच्या मधोमध ताटाएवढा काळा डाग हळूहळू उमटला आणि तीनशे माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला.

आमचा कारखाना दिव्यांवर बसवायच्या दुधी काचेच्या गोलांचा. महिन्याभरात भट्टी दोनदा फुटली होती. दुसऱ्या वेळी माझी मैत्रीण गेली. ती गोल खोक्यात भरायची. अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो आणि तिच्या अंगावर पोतं मीच टाकलं होतं. मुकादम म्हणाले, कुणीतरी करणी केली आहे, आणि तेच या बाबांना घेऊन आले. मेलेल्या माणसासाठी आपल्याला काहीतरी करायचं असतं. काय करायचं ते कुणी सांगितलं की बरं वाटतं.

डाग दिसताच काकांना पाडलं. कुणी पोटात लाथा घातल्या, कुणी केस धरून डोकं फरशीवर आपटलं. मग त्यांचा उजवा हात ढकलगाडीच्या लोखंडी कडेवर ठेवला आणि हातोडा घातला. चार बोटं. तो आवाज मी ऐकला आणि तरीही पुढे झाले. काकांच्या तोंडात भडकावली. माझी मैत्रीण तुझ्यामुळे गेली, असं काहीतरी ओरडलेही. हे मी लपवणार नाही, कारण पुढचं सगळं सांगायचा हक्क मला तेवढ्यानेच मिळतो.

लाज अशी की माझं कामच उजेड मोजायचं. गोलाच्या आत दिवा लावायचा आणि काचेतून शंभरातला किती उजेड बाहेर येतो ते नोंदवायचं. चाळीसच्या खाली आला तर गोल मिणमिणतो, साठच्या वर गेला तर आतला दिवा डोळ्यांत खुपतो, दोन्ही बाद. सगळे मला उजेडवाली म्हणतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सोमवारी मुकादमांनी जाहीर केलं की करणी एकट्याची नव्हती, दुसरा पापी भट्टीजवळच आहे. शुक्रवारी कागदापुढे उभं राहायचं होतं माझ्या भाऊजींना, ताईच्या नवऱ्याला. भट्टी तेच सांभाळायचे. त्यांच्यासाठी बोटांवर भागणार नाही, त्यांचे हात भट्टीतच घालू, असं लोक जेवताना बोलत होते.

बुधवारी ताई माझ्या मोजणीच्या खोलीत आली. स्फोटात माझं यंत्र फुटलं होतं, म्हणून मी जुन्या पद्धतीने काम करत होते. ती पद्धत मला आधीच्या मोजणीवाल्या आजोबांनी शिकवली होती. कागदाच्या मधोमध तेलाचं बोट फिरवायचं. कागदाच्या अलीकडे गोल, पलीकडे नेहमीचा दिवा. तेल लागलेल्या जागेतून उजेड पार निघून जातो, डोळ्याकडे कमी परततो, म्हणून ती जागा काळपट दिसते. मागचा दिवा पुढे सरकवत आणला की तेवढाच उजेड मागून येऊन ती तूट भरून काढतो आणि डाग नाहीसा होतो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मग पट्टीवर अंतर बघायचं, "डाग गेला" म्हणायचं आणि आकडा लिहायचा. दिवसातून शंभरदा मी हे दोन शब्द म्हणते.

ताई रडत रडत टेबलावर टेकली. टेबल हललं, मागचा दिवा वीतभर मागे घसरला. माझ्या कागदावर काळा डाग उमटला. ताई रडायची थांबली.

"हाच," ती म्हणाली. "गोदामात दिसला तो हाच डाग."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी वर्षानुवर्षं तो बघत होते, म्हणूनच गोदामात मला तो ओळखू आला नाही. मी कागदाकडे नव्हे, काकांकडे बघत होते. मग बाकीचंही सुचत गेलं. भट्टीच्या नळीवरची झडप गळते, बदला, असं भाऊजींनी मुकादमांना तीनदा सांगितलं होतं. गॅसचा वास येतो म्हणून चहावाल्या काकांनी सगळ्यांदेखत तक्रार केली होती. झडप ठीक आहे अशी सही मुकादमांची होती. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे संन्यासीच फाशी द्यायला आला होता.

मी दहा जणांना सांगून पाहिलं. दहाही म्हणाले, तुझे भाऊजी आहेत म्हणून बोलतेस.

शुक्रवारी भाऊजी दिव्याशेजारी उभे राहिले. काठी एकदाच वाजली. ठक. डाग उमटला. मी ओरडले, पण माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत पोचला नाही. पहिली सळई भाऊजींच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचं मला दिसलं; खांदा सदऱ्यातच खाली आला. दुसरी गुडघ्यावर. ताई त्यांच्या अंगावर पडली, तर तिच्या पाठीत लाथा बसल्या. कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर आदळलं. रक्ताबरोबर अर्धा दात जिभेवर आला. तो थुंकून मी लोकांच्या पायांमधून रांगत बाबांपर्यंत गेले आणि त्यांच्या हाताला कडकडून चावले. काठी सुटली.

पडद्यामागे दिवा सरकवणारा कुणीतरी असणारच, आणि त्याला पुढचं काहीच दिसत नव्हतं. त्याला फक्त काठी ऐकू येत होती.

मी बाबांची दाढी धरून त्यांना दिव्याशेजारी ओढलं आणि काठी दोनदा आपटली. ठक ठक. डाग गेला. एकदा आपटली. डाग आला. भाऊजींवर उचललेली सळई तशीच वर राहिली. मी पुन्हा दोनदा आपटली, मग एकदा. आतला शिष्य मोठा आज्ञाधारक निघाला. शेवटचा डाग बाबांच्या डोक्याशेजारी चांगला काळाकुट्ट उमटला, तेव्हा कुणीतरी हसलं.

मग मी कागद टराटरा फाडला. आत चाकं लावलेल्या फळीवर एक साधा दिवा होता आणि फळीची दोरी हातात धरून एक आडदांड माणूस तोंड उघडं टाकून बसला होता. दिव्य ज्योतीने त्याचे डोळे गेलेले नव्हते. चांगले आमच्याकडे बघत होते.

"कागदाला तेल लावलंय," मी रक्त पुसत म्हणाले. "दिवा जवळ आला की डाग जातो, लांब गेला की येतो. समोर कोण उभं आहे ते कागदाला कळत नाही. मुकादमांना कळतं. झडपेबद्दल कोण कोण बोललं होतं ते आठवा."

मुकादम दाराकडे सरकत होते. दोघांनी त्यांना धरलं. उरलेले बाबांवर तुटून पडले. त्याच सळया, तेच बूट, तोच हुंकार. बाबांचं नाक फुटलं. कुणीतरी ढकलगाडी ओढत आणली आणि त्यांचा हात तिच्या कडेवर दाबला. खोटं नाही सांगत, मलाही क्षणभर गोड वाटलं.

"थांबा," मागून कुणी म्हणालं. चहावाले काका होते. पट्टीत गुंडाळलेला हात छातीशी धरून ते गाडीपर्यंत आले.

"त्याला मारायचं असेल तर मारा. पण आधी माझी बोटं मोडणाऱ्यांनी हात वर करा. ते शोधायला कागद लागत नाही."

कुणी हात वर केला नाही. एक हातोडा फरशीवर पडल्याचा आवाज तेवढा आला. मी हात वर केला.

"काका, एक थोबाडीत माझी होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू जवळून मारलीस, म्हणून चेहरा दिसला."

बाबा, शिष्य आणि मुकादम जिवंत पोलिसांच्या हाती गेले. झडप काढली तेव्हा तिच्यातली चीर नुसत्या डोळ्यांनाही दिसत होती. भाऊजींचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. काका डाव्या हाताने चहा ओततात. अर्धा बशीत सांडतो आणि तो आम्ही मुकाट्याने पितो.

कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी माझ्या खोलीत नेते, तेल लावलेला कागद दाखवते आणि दिवा त्याच्याच हाताने पुढेमागे करायला लावते. तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. कुणी चमत्कार दाखवून एखाद्याकडे बोट केलं, तर त्या माणसाकडे नंतर बघा, आधी पडद्यामागे जा. जाऊ देत नसतील तर तेच उत्तर समजा. आणि तोवर आपला हात खिशात ठेवा. माझा मी ठेवला नव्हता.