बारावा शिंपला

दाजींनी शिंपला चिमट्यात धरला, आम्लाच्या पाण्यात बुडवला आणि मनात वीस मोजले. पाणी फसफसलं. एकविसाव्याला त्यांनी तो बाहेर काढला, तारेच्या ब्रशने चार हात मारले आणि झरोक्याच्या उजेडात धरला. कोट्यवधी वर्षं डोंगराच्या पोटात दगड होऊन पडलेला तो शिंपला असा पांढराफेक झाला होता, की त्याला जन्म देणाऱ्या समुद्रानेही 'हा आमचा नव्हे' म्हणून हात झटकले असते.

"झाला," दाजी म्हणाले. "दोनशे सातवा."

समोरच्या टेबलावर त्यांचा मेहुणा एका डोळ्याला भिंग लावून, साध्या पाण्यात भिजवलेल्या शिंपल्यावरची माती सुईने उकरत होता. त्याने मान वर केली नाही.

"आणि तुझे किती?" दाजींनी मुद्दाम विचारलं.

"अकरा होतील. हा सुटला तर."

चार महिन्यांत अकरा! आणि तेही कळकट. माती निघायची, पण वरचा पिवळट पापुद्रा हा गडी तसाच ठेवायचा. "तुझ्या हातात शिंपला दिला की तू त्याला धूत नाहीस, त्याची विचारपूस करत बसतोस," असं दाजी त्याला सुनावायचे, आणि तो हसायचा. त्याचं ते हसणं दाजींना सगळ्यांत जास्त झोंबायचं.

ठसठस जुनी होती. संग्रहालयाच्या तळघरातल्या या धुलाईच्या खोलीत दाजींनी सतरा वर्षं एकट्याने राज्य केलं. सगळे त्यांना आडनावाने, अदबीने हाक मारत. मग सात वर्षांपूर्वी बायकोने धोशा लावला म्हणून त्यांनीच तिच्या धाकट्या भावाचा अर्ज नेऊन मुख्य बाईंच्या टेबलावर ठेवला. तो कामाला लागला, दिवसभर 'दाजी, दाजी' करत मागेपुढे फिरला, आणि महिन्याभरात पहारेकऱ्यापासून मुख्य बाईंपर्यंत अख्खं संग्रहालय त्यांना दाजी म्हणू लागलं. आडनाव गेलं ते गेलंच. जिथे हयात घालवली, तिथे आता ते याच्या बहिणीचे नवरे तेवढे उरले होते.

त्यात ती काचेची पेटी आली. दर्शनी दालनात बारा शिंपल्यांची नवी पेटी लागणार होती, आणि ज्याने साफ केलेले शिंपले तिच्यात बसतील त्याचं नाव खाली पितळी पाटीवर येणार होतं. त्या इमारतीत आजवर शोधणाऱ्यांची नावं लागली होती, देणगी देणाऱ्यांची लागली होती, एकदा तर नुसती फीत कापून गेलेल्या माणसाचंही लागलं होतं. धुणाऱ्याचं कधीच नाही. दाजींनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आडनावासकट आपलं नाव पाटीवर एका ओळीत मावेल की नाही, हे त्यांनी पट्टी घेऊन मोजून पाहिलं होतं.

दुपारी डबे संपल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, जरा कोठीत या ना. गंमत दाखवतो."

कोठीच्या खिडकीला त्याने जाड कापड ठोकलं होतं. टेबलावर हातभर लांबीचा एक दिवा होता. मुख्य बाईंनी मागवलेला, जांभळा. मेहुण्याने आपला एक कळकट शिंपला ठेवला आणि बटण दाबलं.

शिंपला पेटला. त्याच्या पाठीवर केशरी पट्टे उमटले, पट्ट्यांच्या मधोमध ठिपक्यांच्या रांगा, अगदी कालच कुणी कुंचल्याने ओढल्यासारख्या.

"जिवंत होता तेव्हाची नक्षी आहे ही," मेहुणा कुजबुजला. "नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. या उजेडातच दिसते. बाई म्हणाल्या, पेटीत हाच दिवा बसवायचा. आहे की नाही जादू?"

"बरं आहे," दाजी म्हणाले. "माझा ठेव."

मेहुण्याने दाजींचा शिंपला ठेवला. काही नाही. दुसरा ठेवला. काही नाही. सहा ठेवले, सहाही खडूच्या तुकड्यांसारखे मुकाट पडून राहिले. दाजींच्या बाजूला चमकत होता तो त्यांचा पांढरा कोट. साबणाच्या पावडरीने निळापांढरा असा काही उजळला होता, की पेटीत तोच ठेवला असता तर लोक तिकिटं काढून आले असते.

"दिवाच नीट लागला नसेल, दाजी."

सुरुवातीलाच दोघांनी एकाच ढेकळातले शिंपले अर्धे अर्धे वाटून घेतले होते. याच्या अर्ध्यात नक्षी आणि त्यांच्या अर्ध्यात नाही, असं डोंगर कशाला करील? नक्षी त्या पिवळट पापुद्र्यात होती. आणि तो पापुद्रा त्यांनी वीस आकडे मोजून, ब्रश मारून, नळाखाली सोडून दिला होता.

घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती.

"अहो, भाऊचा फोन होता! काहीतरी चमकतंय म्हणे त्याचं!"

"चमकू दे."

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना. पोटात मावत नाहीये."

"मी म्हणत नव्हते? लहानपणापासून चिकट आहे तो. एक वाटाणा सोलायला घेतला तर..."

"तर घरचे उपाशी," दाजी म्हणाले आणि पान तसंच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी कामावर आले. मेहुण्याचा ट्रे टेबलावर होता. अकरा शिंपले, कापसावर, एकेकाला वेगळी जागा करून दिलेली. दाजींनी तो ट्रे उचलला आणि आम्लाच्या घमेल्यापाशी नेला. मनातल्या मनात त्यांनी अकराच्या अकरा शिंपले बुडवले, घासले, वाळत घातले, 'अरे, तुझं काम हलकं केलं' असं हसून सांगितलंसुद्धा. मग जिन्यात मुख्य बाईंच्या चपला वाजल्या. त्यांनी ट्रे जागेवर ठेवला आणि घमेल्यावर झाकण घातलं. चपला वाजल्या नसत्या तर काय झालं असतं, हे पुढे कधी त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

तिघं कोठीत गेले. दार लोटलं, दिवा लागला. मेहुण्याचे अकरा एकामागोमाग पेटत गेले. बाई प्रत्येकाला 'वा!' म्हणत होत्या. मग दाजींचे आले. पहिल्या चार-पाचांनंतर बाई दिव्याजवळ वाकल्या.

"एकाच जागचे ना हे? मग यांच्यावर काहीच कसं नाही?"

तेवढ्यात शेजारून मेहुणा म्हणाला, "बाई, दाजींच्या वाट्याला खालच्या थरातले शिंपले आले. त्यांच्यावर मुळात नक्षीच नसणार. दाजींच्या हाताचा काही दोष नाही."

दुसरा कुणी असता तर त्याने अंधारातच हात जोडले असते. दाजींचा मात्र तिळपापड झाला. कौतुक याचं, पाटी याची, आपल्याला लोक मारतात ती हाकही याने शिकवलेली, आणि आता मोठं मनही याचंच? आपल्यासाठी काही शिल्लक ठेवणार आहे की नाही हा?

"खोटं बोलतोय तो," दाजी म्हणाले. "नक्षी होती. मी घालवली. आम्लात धुऊन. दोनशे सात शिंपल्यांवरची. त्याआधीच्या चोवीस वर्षांची तर मोजदादच नाही."



"दाजी, कशाला उगाच..." मेहुणा पुटपुटला.

"तू गप्प बस. हे माझं आहे."

बाईंनी दिवा बंद केला नाही. पांढऱ्या शिंपल्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. "यातला एक द्या मला," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"अकराच आहेत. पेटीत बारा बसतात."

पेटी महिन्याभराने उघडली. बटण दाबलं की अकरा शिंपले केशरी पेटायचे आणि कोपऱ्यातला बारावा तसाच राहायचा. पाटीवर मेहुण्याचं नाव होतं. बाराव्याखाली वेगळी छोटी पाटी होती: 'हा आम्लाने धुतला. याची नक्षी परत येणार नाही.' खाली, आडनावासकट, दाजींचं नाव. एका ओळीत मावलं होतं.

लोक अकरांना एकदा 'अरे वा' म्हणत, आणि मग सगळ्यांची नाकं काचेच्या त्या काळोख्या कोपऱ्याला चिकटत. हा का नाही पेटत? कुणी धुतला? पाटी मोठ्याने वाचली जाई. पहारेकरी तळघरात निरोप धाडी, आणि कोट झटकत वर येऊन दाजींना पहिल्यापासून सगळं सांगावं लागे. सांगता सांगता घमेलं दर वेळी थोडं मोठं होत गेलं. पंधरवड्यात दोन संग्रहालयांची पत्रं आली: आमच्या धुलाईवाल्यांशी येऊन बोला.

एका संध्याकाळी मेहुणा पेटीची काच पुसत उभा होता. काच स्वच्छच होती.

"चार महिने सुई घेऊन बसलो, दाजी," तो म्हणाला. "आणि लोक विचारतात काय, तर त्या बाराव्याचं." तो हसला, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

दाजींनी तो चेहरा लगेच ओळखला. सात वर्षं रोज दाढी करताना त्यांनी तो आरशात बघितला होता.

"चल घरी जेवायला," ते म्हणाले. "ताईने बोलावलंय तुला." तिने बोलावलं नव्हतं. पण भावाला दारात बघून ती हरखली, आणि तिघं जेवायला बसली.

"सांगा की आता," तिने वाढता वाढता विचारलं. "लोक काय म्हणतात? कुणाचं कौतुक जास्त?"

मेहुणा भात कालवू लागला.

"कुणाचं म्हणजे?" दाजी म्हणाले. "सगळ्यांच्या तोंडी तुझा भाऊच. माझ्या त्या एका शिंपल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही."

"मी म्हणत नव्हते?" ती खुलली आणि भावाच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

मेहुण्याचा घास हातातच राहिला. त्याचे कान लाल झाले. त्याने दाजींकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि तोंड उघडलं.

दाजी मान खाली घालून, सावकाश, मन लावून जेवत होते. तो काय म्हणतो ते नीट ऐकू यावं म्हणून चावण्याचा आवाजसुद्धा त्यांनी बंद केला होता.