चंदन सोसणारी पेटी

विजयादशमीच्या सकाळी कृष्णमूर्तीचा पुन्हा फोन आला तेव्हा मधुमिताच्या हातात कॉफीचा टंबलर होता आणि कॉफी अजून तोंडाला लागायची होती. कृष्णमूर्ती पालिकेची कचऱ्याची गाडी चालवायचा. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की तुमच्या कचरापेटीने मला बोलावलं, मी आलो, आणि पेटी परत रिकामीच आहे. सणासुदीला माणसाने किती वेळा उल्लू बनायचं तेवढं सांगून ठेवा, म्हणजे मी तयारीत राहतो.

मधुमिताने कॉफी खाली ठेवली. पेटीने खोटं बोलणं शक्य नव्हतं, कारण खोटं बोलण्याइतकी अक्कल तिने पेटीत घातलीच नव्हती. झाकणाच्या आतून एक डोळा, म्हणजे सेन्सर, बसवलेला होता. तो खाली बघायचा. कचरा वर येत येत डोळ्याजवळ पोचला की कृष्णमूर्तीच्या फोनवर निरोप जायचा, भरले, या. गाडीने रोज गावभर रिकाम्या पेट्यांमध्ये डोकावत हिंडायचं आणि भरून वाहणारी तेवढी नेमकी राहून जायची, हा वर्षानुवर्षांचा खेळ तिला थांबवायचा होता. एवढं साधं काम. पण साध्या कामाच्या वाटेत जितकी माणसं आडवी येतात तितकी अवघड कामाच्या वाटेत येत नाहीत, हे तिला गेल्या महिनाभरात चांगलंच कळलं होतं.

पालिकेच्या आरोग्य अधिकारी त्रिपुरसुंदरीबाईंनी उत्तर वीथीत, मधुमिताच्या घराच्याच रस्त्यावर, चार पेट्या महिनाभर लावू दिल्या होत्या. आज अकराला त्या स्वतः बघायला येणार होत्या. दिवस मधुमितानेच मागून घेतला होता. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दुसऱ्या दिवशी फोडलेले भोपळे, केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा यांचा गावात जो डोंगर साचतो, त्या दिवशी पेटी खरी उतरली म्हणजे पुढे कोणाला बोलायला जागा नाही, असा तिचा हिशेब. नाहीच उतरली, तर होसूरच्या कारखान्यातली नोकरी घ्यायची आणि घरात तारांची जंजाळं पसरणं बंद करायचं, असा तिने आईला शब्द दिला होता. होसूरला आज संध्याकाळपर्यंत होय की नाही कळवायचं होतं. आई, वेंकटलक्ष्मी, त्यासाठी गोविंदपुरमच्या विठोबाला साकडं घालून बसली होती. मुलगी जावी म्हणून की राहावी म्हणून, ते मात्र ती सांगत नव्हती.

ती चपला सरकवते तोच खालच्या बेकरीतून बालाची हाक आली. बाला भट्टीवर काम करायचा आणि उगाच हाका मारणाऱ्यांतला नव्हता. पट्टा चालत नाही, असं त्याचं म्हणणं. भट्टीतून बन निघताहेत, पट्टा जागचा हलत नाही, आता ठेवू कुठे?

हा पट्टाही मधुमिताचाच. भट्टीच्या तोंडापासून खोक्यांपर्यंत बन वाहून न्यायचा. शेवटी तसाच एक डोळा. डोळ्यापुढे बन आला की पट्टा क्षणभर थांबायचा, एक दांडा बनला खोक्यात ढकलायचा आणि पट्टा परत सुरू. वर्षभर बिचाऱ्याने तक्रारीला जागा दिली नव्हती. तरी तिचे वडील, विष्णुप्रसाद राव, त्याच्याकडे घरात मुक्कामाला आलेल्या लांबच्या पाहुण्याकडे बघावं तसे बघायचे. अंडं न घालता केलेल्या बनसाठी त्यांची बेकरी कुंभकोणमपासून स्वामिमलैपर्यंत नावाजलेली होती. आजोबांची काठवट, तराजू, भट्टीत घालायचं लांब दांड्याचं फळकुट, यांच्यावर त्यांचा जीव. गेल्या वर्षी खंडेनवमीला या सगळ्यांना गंध, अक्षता, फूल मिळालं. पट्टा तसाच राहिला. मधुमिताने विचारलं तेव्हा ते घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले होते, "घरचें नव्हे त्यास अक्षता कशास?" त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं होतं. पट्टा घरचा नाही, तर पट्टा करणारी कोण? वर्षभर हा प्रश्न तिने मनात घोळवला आणि विचारला कधीच नाही.

बनचे तवे जमिनीवर ठेवायला बालाला सांगून ती वीथीत धावली. आधी पेट्या. पट्टा घरातच होता, त्रिपुरसुंदरीबाई नव्हत्या.

कृष्णमूर्ती गाडीला टेकून उभा होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, पुढे झेंडूची माळ, काचेवर चंदनाचे एवढे टिळे की त्यातून रस्ता दिसत असेल तर नवलच. मधुमिताने काही न बोलता पेटीचं झाकण उचललं. तळाला एक केळ्याचं साल; पूजेचा कचरा अजून घराघरांतून निघायचा होता. मग तिने झाकण उलटं करून पाहिलं, आणि तिला जे बोलावंसं वाटलं ते विजयादशमीला बोलण्यासारखं नव्हतं.

डोळ्यावर चंदन थापलेलं होतं. नुसतं बोट लावलेलं नव्हे, चांगलं घट्ट उगाळून, प्रेमाने, मधोमध, वर कुंकवाचा ठिपका. रात्रभरात ते वाळून गिलाव्यासारखं झालं होतं. डोळ्याच्या नाकासमोर काहीतरी आहे, तेव्हा पेटी भरली आहे, असं समजून बापडी पहाटेपासून कृष्णमूर्तीला हाका मारत होती. दुसरी पेटी तशीच. तिसरी, चौथीही तशीच.

आता या गावाला काय म्हणावं? दरवर्षी हे लोक बसला, रिक्षाला, पिठाच्या गिरणीला, अगदी कारकुनाच्या कॉम्प्युटरलाही गंध फासतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिने आठवडाभर आधी प्रत्येक झाकणावर तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत चिकटवलं होतं, कृपया झाकणावर चंदन-कुंकू लावू नये. काल संध्याकाळी ती स्वतः फिरून आली होती. झाकणांवर ठिपकाही नव्हता. लोक सुधारले, असं मनाशी म्हणत ती चक्क खूश होऊन झोपली होती. आणि लोकांनी काय केलं, तर सूचना पाळली. झाकणाच्या वर लावलं नाही, आतून लावलं.

तिने पहिला कृष्णमूर्तीला धरला. त्याने शपथ घेतली की तो स्वतःच्या गाडीचं करून थेट घरी गेला. मग समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानातल्या नागलक्ष्मीवर तिची गाडी वळली, कारण नागलक्ष्मी दिसेल त्या लोखंडाला कुंकू लावते हे जगजाहीर. नागलक्ष्मीने कमरेवर हात ठेवून सुनावलं, की बाई, मी लावलं असतं तर वर लावलं असतं, कचऱ्याच्या पेटीत हात घालायला मला कुत्रं चावलंय का? खरंच, सणाच्या दिवशी सोवळ्याओवळ्याच्या या गावात पेटीत हात घालणारा निघावा कोण?

केसातली पिन काढून ती चंदन खरवडायला लागली. पिनेच्या टोकाला काहीतरी अडकलं. चंदन ओलं असताना त्यात खोचलेला, आता सुकलेला, पिवळा, बारीक अंकूर.

ती थांबली. या वीथीत नवरात्रात घरोघरी बाहुल्यांच्या आराशीच्या पायऱ्या लागतात. घट बसवून त्यात धान्य पेरणारं घर एकच, आणि नवमीला घट उठला की त्यातले पिवळे अंकुर आधी देवाला, मग घरातल्या हत्यारांना आणि मग घरातल्या माणसांच्या कानाआड खोचणारा माणूसही एकच. काल संध्याकाळी त्या माणसाने तिच्याही कानाआड अंकूर खोचला होता, आणि ती तेव्हा फोनवर बोलत होती.

बापाने पेटीत हात घातला होता. रस्त्यावर कोणाचं उष्टं पान पायाला लागलं तर आंघोळ करणाऱ्या बापाने, चार पेट्यांत, खांद्यापर्यंत.

तिला रडू आलं की हसू, हे ठरायला वेळ मिळाला नाही, कारण पांढरी जीप वीथीत वळली. त्रिपुरसुंदरीबाई दहा मिनिटं आधीच आल्या होत्या. त्या उतरल्या, त्यांनी कृष्णमूर्तीला विचारलं, आणि कृष्णमूर्तीने पहाटेपासूनची कथा पदरचा मीठमसाला घालून सांगितली. बाईंनी रिकामी पेटी पाहिली. मग मधुमिताच्या हातातली पिन पाहिली. हे कोणी केलं, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

मधुमिता म्हणाली की कोणीतरी केलं असेल, गर्दीचा रस्ता आहे. बोलताना ती बाईंकडे बघत नव्हती. वडील बेकरीच्या पायरीवर येऊन उभे होते, पंचा खांद्यावर, हाताला पीठ. त्यांनी तिच्या हातातला अंकूर पाहिला, मग आतल्या बंद पट्ट्याकडे मागे वळून पाहिलं. त्यांना काय झालं ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला.

ते खाली आले आणि तमिळमध्ये बाईंना म्हणाले, की मी केलं. पोरीचा दोष नाही, यंत्राचाही नाही.

बाईंनी कारण विचारलं. विष्णुप्रसादरावांनी सरळ सांगितलं, की झाकणावर लावू नका असं लिहिलं होतं, म्हणून आत लावलं. पण डोळ्यावरच का, असं बाई म्हणाल्या. मुलीकडे वळून ते घरच्या बोलीत म्हणाले, "गंध दोन डोळ्यांमध्यें लावायचें असतें. ह्यास डोळा एकच. मग कोठे लावूं?"

असल्या प्रश्नाला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कोणी उत्तर शिकवत नाही.

त्रिपुरसुंदरीबाईंनी एकदा जीपकडे पाहिलं. त्यांच्या जीपच्या दोन्ही दिव्यांवर चंदनाचे टिळे होते आणि ते कोणी लावले हे कोणी विचारलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते मुद्द्याचं होतं. महिनाभर पेट्या चांगल्या चालल्या, हे त्यांना मान्य. पण या गावात घरटी एक असा बाप आहे, आणि दसऱ्यानंतर पोंगल आहे. ज्या पेटीला असला बाप सोसत नाही ती पेटी माझ्या गावाच्या कामाची नाही. या पेट्या उचला. चंदन सोसणारी पेटी करा आणि पोंगलला आणा, मग पुन्हा बघू. एवढं बोलून त्या गेल्या.

म्हणजे नाही. नाही गोड शब्दांत सांगितलं तरी ते नाहीच असतं. दिवस तिनेच निवडला होता, शब्दही तिनेच दिला होता. कृष्णमूर्तीने गाडीच्या माळेतला एक झेंडू तोडून तिच्या हातात ठेवला आणि निरोप न घेता निघून गेला.

ती बेकरीत आली. भट्टीतल्या शेवटच्या तव्यांवरचे बन करपून काळे पडले होते आणि बाला ते मुकाट्याने टोपलीत भरत होता. पट्ट्याच्या डोळ्यावर तसंच चंदन, तसाच अंकूर. शिवाय गाडीच्या चाकाखाली ठेवतात तसं कोणीतरी पट्ट्याच्या रुळाखाली लिंबू ठेवलं होतं. कोणीतरी म्हणजे कोण, ते आता विचारायची गरज नव्हती. काठवट, तराजू, फळकुट आणि त्यांच्या रांगेत पट्टा. चौघांनाही सारखंच गंध, सारखंच फूल. ती उकिडवी बसली आणि खरवडायला लागली. चीड अजून गेली नव्हती. लिंबाचा रस रुळाच्या सांध्यात उतरला होता आणि तो पुसायला दुपार लागणार होती.

वडील मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं की होसूरला काय कळवणार. तिने सांगितलं की संध्याकाळपर्यंत वेळ आहे. ते हूं म्हणाले. मग पूजेचा गंधाचा दगड आणि चंदनाचं खोड त्यांनी तिच्यापुढे जमिनीवर ठेवलं.

"पुढल्या नवमीस कोठे लावायचें तें आत्तांच दाखीव," ते म्हणाले. "नाहीं तर मी विसरून जाईन."

मधुमिताने मान वर करून पाहिलं नाही. तिने दगडावर पाणी टाकलं, खोड फिरवलं, ओलं बोट घेतलं आणि मोटरच्या पत्र्यावर, डोळ्यापासून हातभर लांब, एक गोल काढला.

"इथें," ती म्हणाली. "आणि लिंबू नको."

लिंबाचं ते काही कबूल करायला तयार नव्हते. ते पुढे बराच वेळ लिंबाबद्दलच बोलत राहिले.