ठिपका किल्लीच्या वर होता

११ मे १९७३, शुक्रवार. आभाळ मोकळं, वारा पडलेला. ऊन असं की दुपारी घड्याळाची पाठ मनगटाला चटका देत होती.

मी त्या घड्याळाच्या काचेभोवतीची कडी बोलतेय. दौंडचे घड्याळजी मला बेझल म्हणतात. काच जागेवर धरून ठेवायची, हे माझं जन्माचं काम. पण मी पोलादाची, कडेनं दातेरी आणि फिरणारी. माझ्या अंगावर साठ रेघा आहेत आणि एका रेघेवर पांढरा ठिपका. फिरत्या कडीला आणखी एक काम असतं. ते पुष्कळ वर्षं कुणाला माहीत नव्हतं.

बोटीवर नोकरी करणाऱ्या एकानं मला परदेशातून आणलं आणि दौंडला रेल्वेत फिटर असलेल्या आपल्या चुलतभावाला, जयसिंगला दिलं. त्याच्या लेखी मी शोभेची वस्तू. गाडीची वाट बघताना तो मला कर्र कर्र फिरवत बसायचा. माणसांना रिकामा हात सहन होत नाही, हे मी तिथं शिकले. लग्नात कुणी विचारलं, "ही चकती कशाला रं?" की तो म्हणायचा, "फारिनचं हाय, असंच असतं." हळूहळू माझ्या दात्यांत ग्रीस आणि कोळशाची भुकटी बसली आणि मी फिरेनाशी झाले. चार वर्षं नुसती काच धरून होते.

मग जयसिंगनं घड्याळ आपल्या बहिणीच्या नवऱ्याला दिलं. ते सावळाराम, निमोण्याचे, विहिरींना सुरुंग लावणारे.

"ठेवा दाजी. तुमच्या कामाला येळ बघावा लागतो. मला शेडचा भोंगा हाय."

सावळारामांनी जुन्या ब्रशनं माझे दाते साफ केले. मी पुन्हा फिरू लागले. मग त्यांनी दोन दिवस सुरुंगाच्या वातीचे हातभर तुकडे जाळून, किती वेळ जळतात ते बघितलं. पेटवताना माझा ठिपका मोठ्या काट्यासमोर आणायचा. काटा पुढे सरकला की किती मिनिटं झाली, ते माझ्याच रेघांवर वाचायचं. वजाबाकी नको, किती वाजले होते ते ध्यानात ठेवायला नको. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आपण कशासाठी आहोत ते एकदाचं कळलं, म्हणून मला हायसं वाटलं.

त्यांच्या कामाची रीत अशी. वाती पेटवून वर यायचं, बांधाआड बसायचं आणि आवाज मोजायचे. एखादा कमी भरला, तर तो सुरुंग आत धुमसतोय असं धरून अर्धा तास खाली उतरायचं नाही. बाकीचे लोक हा अर्धा तास दोन बिड्यांनी मोजतात. बिडी भराभर ओढली की अर्धा तासही लवकर संपतो.

आज जाईबाईंच्या विहिरीत सात सुरुंग होते. सकाळी तळाचा खडक ओला लागला होता. त्यामुळे जाईबाई आणि त्यांचा दीर खंडू दोघेही बांधाआड येऊन बसले होते. आवाज झाले सहा.

सावळारामांनी लगेच ठिपका काट्यासमोर आणला, घड्याळाला चावी द्यायच्या किल्लीच्या जरा वर. चार वाजून दहा मिनिटं.

"हे काय फिरवता?" जाईबाईंनी विचारलं.

"ह्यो ठिपका इथं ठिवला. काटा इथनं निघून अर्धा फेरा गेला, की उतरायचं."

"म्हंजी किल्लीच्या वरच्या अंगाला हाय ठिपका."

"व्हय."

खंडूनं पहिली बिडी केव्हाच संपवली होती. तो सावळारामांना म्हणाला, "आप्पा, दोन बार संग वाजले. म्या ऐकलं की."

"तुझ्या कानावर मी न्हाई उतरत."

"पाणी लागलं आसंल खाली, आन् तुम्ही घड्याळ बघत बसा. बघू तरी, चालतंय का बंद हाय." असं म्हणून त्यानं सावळारामांचं मनगट ओढलं. त्याचा अंगठा माझ्या दात्यांवर घट्ट दाबला गेला आणि मी सरकले. मागे, दहा रेघा.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. दुसऱ्या बाजूला सरकले असते तर माणसं उगाच जास्त थांबली असती, इतकंच. पण मी मागे सरकले होते. साडेचार वाजले तेव्हा वीसच मिनिटं झाली होती आणि मी तीस दाखवत होते. सावळारामांनी माझ्याकडे बघितलं, धोतर झटकलं आणि ते उठले. माझ्यावर त्यांचा पुरा भरवसा होता.

"थांबा," जाईबाई म्हणाल्या. "ठिपका किल्लीपाशी व्हता. आता पार वर गेलाय."

"वैनी, तुला घड्याळातलं काय कळतं?" खंडू हसला.

"घड्याळातलं न्हाई कळत. ठिपका दिसतो मला."

सावळारामांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. खंडूकडे एकदा बघितलं. मग मला दहा रेघा पुढे नेलं आणि ते पुन्हा खाली बसले.

"आता आणिक दहा मिन्टं?" खंडूनं विचारलं.

"आणिक दहा. हात लावशील तर विहिरीत तूच जाशील."

चार वाजून चौतीस मिनिटांनी सातवा सुरुंग उडाला. दगड बांधावरून पलीकडे गेले. खंडूच्या हातातली बिडी तशीच विझली. सावळारामांनी मला पालथ्या बोटानं पुसलं. माझ्यावरची धूळ गेली. जाईबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि खंडूला म्हणाल्या, "कान शाबूत हायेत ना तुझे? किती वाजले?"

"सात," तो म्हणाला.

माझं सांगणं एवढंच. जिच्या भरवशावर कुणी खाली उतरणार आहे, अशी कडी हातात घ्यायची असेल तर आधी विचारा. आणि उतरणाऱ्यानं निघण्याआधी ठिपक्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी दाखवून ठेवावी.

विहिरीतला धूर निवळावा म्हणून सावळारामांनी ठिपका पुन्हा काट्यासमोर आणला. पाच वाजून चार मिनिटांनी ते खाली उतरले. सुरुंग सात, आवाज सात. जखमी कुणी नाही. पाणी घोट्याच्या वर चार बोटं.