एका बोटाची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. शाळेतली नव्हे, सायकलवरचीही नव्हे. टेबलावर बसणारी, डोक्यावरचं बटण दाबलं की टिंग करणारी, वाटीएवढी पितळेची घंटी. गोडगोड बोलायची मला सवय नाही. मला जसं वाजवाल तशी मी वाजते. पण आज मी खुशीत आहे, तेव्हा बसा आणि ऐका.

मला घडवणारा कारागीर अर्धा बहिरा होता. घंटी नीट वाजते का हे तो कानाने नाही, दाताने ओळखायचा. मला दातांत धरायचा, टिचकी मारायचा आणि डोळे मिटून खुदकन हसायचा. हसला की घंटी पास. गिऱ्हाईक आलं की बजावायचा, "एका बोटाने वाजवा. पंजा मारायची वस्तू नाही ही."

पहिली नोकरी लागली ती एका हॉटेलच्या काउंटरवर. प्रवासी बॅगा टेकवून माझ्यावर एक बोट ठेवत आणि आतून कोणीतरी हसतमुखाने येई. लहान मुलं तर आई डोळे वटारेपर्यंत मला सोडत नसत. मग एकदा आवराआवरीच्या घाईत कोणीतरी काउंटरवर चादरींचा ढीग टाकला, तो माझ्यासकट उचलला, गाठोडं बांधलं आणि लॉन्ड्रीत पाठवून दिलं.

मित्रांनो, मी मशीनमध्ये धुऊन निघाले! गरम पाणी, साबण, गरगर, आणि प्रत्येक गिरकीला टिंग. अख्खी लॉन्ड्री मशीनभोवती गोळा झाली. मशीन चालवणारा तरुण गडी कायम कोपरापर्यंत फेसात असायचा, म्हणून सगळे त्याला फेसाळ्या म्हणत. त्याने दार उघडून मला बाहेर काढलं.

"काय झालं रे?" इस्त्रीवाल्या काकांनी लांबूनच विचारलं.

"मुलगी," फेसाळ्या म्हणाला. "आवाज खणखणीत आहे."

हॉटेलने तोवर नवी घंटी आणली होती. मला कोणी परत मागितलं नाही, आणि मीही गेले नसते. घड्या घालणाऱ्या मावशींनी मला पुसून घड्यांच्या टेबलावर बसवलं. ठरलं असं, की गाडीभर कपड्यांचा ढीग संपला की एकाने मला वाजवायचं आणि सगळ्यांनी चहा घ्यायचा. वाजवायची पाळी ठरलेली. पाळीवरून भांडणं व्हायची. एवढा मान मला हॉटेलातसुद्धा मिळाला नव्हता.

मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. मावशी एका टोकाला, लंबूताई दुसऱ्या टोकाला. लंबूताई इतकी उंच, की काका म्हणायचे, "हिला विचारा, वर पाऊस आहे का." दोघी चार कोपरे धरायच्या, झटका द्यायच्या, ताणायच्या, मग चालत एकमेकींजवळ यायच्या, हाताला हात लागायचा, पुन्हा मागे. आणि या येण्याजाण्यात मावशी गोष्ट सांगायच्या. जवळ आल्या की एक वाक्य, मागे गेल्या की लंबूताईचं हसू. गोष्टीच्या तालावर घड्या पडायच्या, सरळ, कोपऱ्याला कोपरा. बाकीच्यांचे कानही तिकडेच. काका तर ऐन रंगात आलं की इस्त्री उभी करून ठेवायचे.

गोष्टी बहुतेक मावशींच्या जाऊबाईंच्या असायच्या. त्या दिवसांत गोष्ट रंगली होती ती अशी, की जाऊबाईंची कवळी त्यांच्या बोक्याने पळवली आणि तो शेजारच्या कौलांवर जाऊन बसला.

नेमका तेव्हाच फेसाळ्या साहेब झाला.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पण त्याला काचेची खोली मिळाली आणि खोलीत फोन मिळाला. फोनच्या पलीकडे मालक. मालकाला आम्ही कोणी कधी पाहिलं नाही, पण तो दिवसभर वाजायचा. अजून किती राहिलं? एवढा वेळ का? तिथे लोक गप्पा मारतात म्हणे? फेसाळ्याने फर्मान काढलं: कामाच्या वेळी बोलणं बंद. मला टेबलावरून उचललं आणि काचेच्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवलं. कोणी तोंड उघडलं की माझ्यावर पंजा. टिंग!

बोका कौलांवरच राहिला.

मग काय झालं, ते मी खिडकीतून पाहिलं. मी वाजले की सगळ्यांचे खांदे एकदम कानापर्यंत जायचे आणि मग खाली यायचं विसरायचे. मावशी आणि लंबूताई मुक्याने घड्या घालू लागल्या. एक आधी यायची, दुसरी उशिरा. कोपरे चुकायचे, चादर उलगडून पुन्हा. काकांनी उशीच्या खोळीवर इस्त्रीचा ठसा उठवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! लंबूताईचं डोकं दुखायचं, कोणाचं पोट बिघडायचं, रोज कोणीतरी गैरहजर. काम मागे पडलं की फोन वाजायचा. फोन साहेबाला झोडायचा, साहेब मला, आणि मी त्या सगळ्यांना.

मला कोणी विचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. काम त्यांना कधीच जड नव्हतं. ओल्या चादरींचे डोंगर त्यांनी हसत उपसले होते. जड झाली ती धास्ती. आता वाजेल, आता वाजेल, ही धास्ती डोक्यावर घेऊन हात चालत नाहीत हो! ज्याला हे कळत नाही त्याने खुशाल दगडांवर साहेबगिरी करावी.

मला आता कोणी पुसत नव्हतं. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी काळी पडले.

एका सकाळी मावशी काचेच्या खोलीत आल्या. पूर्वी त्या फेसाळ्याला अरेतुरे करायच्या.

"साहेब, मी शनिवारपर्यंत येईन. त्यानंतर नाही."

"का? त्रास काय आहे?"

"काल घरी ताट वाढत होते. रस्त्यावरून सायकल गेली, घंटी वाजली. ताट हातातून सुटलं. नातवंडं हसली. मला हसू येईना. मला हसू येत नाही, असं कधी झालंय का, साहेब?"

साहेबाने मान खाली घातली. "माझ्या हातात काय आहे, मावशी? तुम्ही मला तुम्ही म्हणू नका."

"साहेबाला तू कसं म्हणणार?"

एवढ्यात फोन खणखणला, आणि साहेबाचा हात सवयीने माझ्यावर आदळला. खोलीत बोलणारे ते दोघेच होते. बाहेर मात्र सगळे दचकले.

शनिवार उजाडला. लंबूताई आजारी. आणि हॉस्पिटलच्या चादरींची गाडी येऊन उभी. संध्याकाळच्या आत सगळ्या घड्या हव्यात, तिथे रोग्यांचे पलंग चादरींविना पडलेत. मावशींच्या समोरचं टोक धरायला माणूस नाही. साहेब इकडेतिकडे बघत राहिला. मग त्याने बाह्या सारल्या, बाहेर आला आणि टोक धरलं.

मावशी गप्प, साहेबही गप्प. झटका, ताण, चाल, हाताला हात, पुन्हा मागे. हात चुकत होते. कधी हा पुढे, कधी त्या. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. एकदा साहेब जवळ आला, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा जवळ आला, पुन्हा मिटलं. तिसऱ्या खेपेला मात्र राहवलं नाही.

"मावशी, त्या बोक्याचं पुढे काय झालं?"

लॉन्ड्रीत वाफेचा तेवढा आवाज. काकांनी शांतपणे इस्त्री उभी केली. खिडकीपाशी आले. एक बोट पुढे केलं.

टिंग.

"कामाच्या वेळी बोलणं बंद आहे, साहेब," काका म्हणाले.

साहेबाचा चेहरा असा झाला, की मावशींच्या तोंडून फुस्स करून हसू निसटलं. मग साहेबही हसला. मग कोण कोण हसलं ते सांगता येणार नाही, कारण मीही अंगभर थरथरत होते. तेवढ्यात फोन वाजला. कोणीतरी तो वायरसकट बाहेर आणून साहेबाच्या कानाला लावला, कारण चादर सोडायला साहेब तयार नव्हता.

"मालक, नंतर बोलतो. हात गुंतलेत."

फोन ठेवल्यावर तो मावशींकडे वळला. "सांगा ना."

"काय सांगायचं, जाऊबाई ओरडत राहिल्या खालून," मावशी पुढे येत म्हणाल्या. "मासा दाखवला, दूध दाखवलं, काठी दाखवली. बोका आणखी वर. शेवटी दमून पायरीवर बसल्या, गप. तेव्हा आला बापडा खाली आणि दात मांडीत ठेवले."

"आणि मग?"

"मग दात धुऊन लावले आणि पहिली शिवी बोक्याला घातली. धर नीट, फेसाळ्या, कोपरा सुटतोय."

फेसाळ्याने कोपरा धरला. घड्या सरळ पडू लागल्या. हॉस्पिटलची गाडी ऊन उतरायच्या आत भरून गेली.

सोमवारी मावशी आल्या. आल्या आल्या पदराने मला खसाखसा पुसलं आणि घड्यांच्या टेबलावर नेऊन बसवलं. फेसाळ्याने पाहिलं आणि मला तिथेच राहू दिलं. मालक अजून तसाच आहे, दिवसभर वाजतो. पण आता फेसाळ्या फोन ठेवतो, दोन घोट पाणी पितो आणि मगच बाहेर येतो. येताना त्याचे हात रिकामे असतात.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कोणाचे तरी साहेब व्हाल, कोणाची ताई, कोणाचे वर्गनायक. तुमच्याही टेबलावर काहीतरी वाजणारं असेल. नसलं तर तुमची जीभ आहेच. वरून कोणी तुम्हाला झोडलं, तर ते खाली पाठवू नका. तुमच्यापाशीच जिरवा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू अधूनमधून पुसत जा, आम्ही फार दिवस टिकतो.

थांबा, ढीग संपला वाटतं. आज पाळी फेसाळ्याची आहे. लंबूताई म्हणतेय, "मागच्या खेपेलाही यानेच वाजवली, लबाड." तो हात पुसतोय, जवळ येतोय.

सावकाश रे. एका बोटाने.