आयतं उघडलेलं

कॉम्प्युटर क्लासच्या सफाईवाल्या मावशींनी बारावं मशीन सुरू केलं आणि माऊसला हात न लावता त्या मागे सरकल्या. रोज त्या एवढ्यावर थांबत नसत. सव्वाआठला यायचं, प्रत्येक मशीनवर सरांचा एडिटर उघडायला टाकायचा आणि फरशी पुसायला घ्यायची, हा सहा वर्षांचा शिरस्ता. एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण साडेनऊला वर्ग भरायच्या आत बाराही पडदे तयार असत. आज मात्र नव्या मॅडमनी बजावलं होतं, कुठलाच एडिटर उघडू नका.

कालची पोर! येऊन महिना झाला नाही आणि निघाली शहाणपण शिकवायला. नको तर नको. होऊ दे फजिती.

नऊ वाजता संचालक आले, मागोमाग सर आणि त्या नव्या मॅडम. नव्या तुकडीला कोणता एडिटर द्यायचा ते आज ठरणार होतं, आणि एकदा ठरलं की तीन वर्षं तोच.

"मॅडमचा तो हलका एडिटर म्हणजे पाटी-पेन्सिल," सर म्हणाले. "कंपन्यांत जे वापरतात तेच आपण द्यायचं."

"शिकणाऱ्यांच्या घरी जुनी मशिनं आहेत, सर," मॅडम म्हणाल्या. "निम्मी तुकडी दुसऱ्या महिन्यात गळते."

"गळणारे गळणारच. नाचता येईना अंगण वाकडं!"

दाराशी मावशींनी मान डोलावली. सरांबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. सहा वर्षांत या माणसाने एकाही मशीनचं बटण दाबलं नव्हतं, नुसत्या उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. पण गळणाऱ्यांबद्दल दोघांचं एकमत होतं. गेल्या वर्षी ती शिवणकाम करणारी बाई होती. सरावासाठी भावाचं जुनं कॉम्प्युटर मशीन घरी आणलं होतं तिने. तीनदा येऊन म्हणाली, "घरी उघडतच नाही हो, मावशी." मावशींनी फटकारलं होतं, "इथे बरं उघडतं! शिकायला मन लागतं, बाई." त्यानंतर ती आली नाही. त्या दिवशी मावशींना स्वतःच्या उत्तराचं कौतुकही वाटलं होतं.

मॅडमनी सात नंबरच्या मशीनवर आपला एडिटर उघडला. संचालकांनी खुर्ची ओढेपर्यंत कोरं पान समोर आलं.

मग सरांनी त्यांचा उघडला. पडद्यावर वाट पाहायला लावणारा तो गोल फिरू लागला. संचालकांनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला. सरांनी आणखी दोनदा क्लिक केलं, तेव्हा गोलही थांबला. दहा मिनिटांनी पान आलं. शेजारच्या मशीनवर तीच रड.

"मशिनं बिघडलीत," सर म्हणाले. "रोज मी येतो तेव्हा उघडलेला असतो. विचारा कुणालाही."

"मग मशिनं दुरुस्तीला टाकू. एडिटर तोच राहू दे." संचालक उठले.

मॅडमनी मावशींकडे पाहिलं.

मावशींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. अंगण वाकडंच होतं. रोज सकाळी कुणी यायच्या आत त्या ते सारवून सपाट करून ठेवत होत्या, आणि वर घरी अडखळणाऱ्यांना नावं ठेवत होत्या. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"मशिनं ठीक आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "एडिटर रोज मीच उघडून ठेवते. अख्खी फरशी पुसून होते, तेव्हा कुठे उघडतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?" सर ओरडले.

"कुणीच नाही."

संचालक पुन्हा खाली बसले.

दुपारपर्यंत बाराही मशिनांवर हलका एडिटर आला. मावशींनी कपाटातून गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं, नंबर शोधला आणि बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला.

"मी क्लासमधली मावशी. अगं, ते तुझ्या भावाचं मशीन आहे ना अजून? आता नवीन एडिटर आलाय. त्याच्यावर उघडेल."

"ते होय? ते कधीच भंगारात दिलं." पलीकडून ती मनमोकळं हसली. "तुमचंच खरं होतं, मावशी. शिकायला मन लागतं."

तिच्या शिलाई मशीनचा आवाज एकदाही थांबला नव्हता.