सुहासिनीच्या गुडघ्यासाठी मी केलेला उपास

माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्या दिवशी मी उपास सुरू केला. गुडघा तिचा, पोट माझं. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. निवृत्त झाल्यापासून मला प्रश्न पडायचे बंद झाले आहेत, नुसती उत्तरं सुचतात.

"आजवर वटपौर्णिमेला तू माझ्यासाठी उपाशी राहिलीस," मी सुहासिनीला म्हणालो. "आता तुझ्यासाठी मी राहतो. तू ऑपरेशन होऊन घरात पाऊल टाकशील, तेव्हाच अन्नाला हात लावीन."

ती गवार मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "उपास नको. त्यापेक्षा मंडईतून भाजी आणायला लागा. पिशव्या उचलायची सवय झाली, तर पुढे मला उचलाल."

बायकांना त्यागाची कदर नसते, असं मला त्या क्षणी वाटलं. आज वाटत नाही, पण ते पुढे येईल.

उचलण्याचा विषय निघाला होता आमच्या मुलीमुळे. हेमा बाणेरला राहते. बाणेर म्हणजे पुणेच, असं तिचं म्हणणं. नारायण पेठेत तो परगावचा पत्ता समजतात. तिच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत. आमच्या इमारतीला जिना आहे, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. हेमानं फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, ऑपरेशननंतर आईला मी माझ्याकडे नेणार. तीन महिने तरी. तुम्हांला एकट्याला मॅनेज होणार नाही."

"मी सांभाळीन," मी म्हणालो.

"ठीक आहे. डिस्चार्जच्या दिवशी मी असेनच. तिला नीट वर नेलंत, खुर्चीतून उठवलंत, बसवलंत, तर राहू दे. नाहीतर त्याच पावली मी तिला घेऊन जाईन. आणि मग त्या फ्लॅटचंही काय ते बघू."

शेवटचं वाक्य मला टोचलं. एकदा लिफ्टच्या घरात गेलेला गुडघा परत जिना चढायला येत नाही, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. आणि मला सुहासिनी घरात हवी होती. ती माझ्याशी भांडत असली तरी हवी होती. खरं म्हणजे भांडत असली तरच हवी होती. न भांडणाऱ्या घरात मी काय करणार, याची मला भीती वाटत होती. म्हणून बायकोला घरी ठेवण्यासाठी मी काय केलं? जेवण सोडलं.

आता उपासाचे नियम. आमच्याकडचा पारंपरिक उपास मला मान्य नव्हता. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याची आमटी. एकादशी आणि दुप्पट खाशी. मी मोबाईलवर शास्त्रीय उपासाची माहिती वाचली. त्यात लिहिलं होतं की दिवसातले ठरावीक तास उपाशी राहा, आणि खाण्याच्या वेळात डाळी, अंडी, पनीर असं भरपूर खा. पण नवसाच्या उपासाला डाळ आणि अंडी कशी चालणार? तेव्हा शास्त्रामुळे साबुदाणा गेला आणि नवसामुळे अंडी-डाळ गेली. दोन्हीकडचं फक्त नको ते मी घेतलं. उरलं काय, तर लिंबूपाणी, बिनसाखरेची काळी कॉफी, आणि संध्याकाळी एक वाटी पातळ ताक नि पपईची फोड. देवभोळ्यांनी विचारलं की मी शास्त्र सांगायचो आणि शास्त्रवाल्यांनी विचारलं की नवस.

शमशुद्दीननं दोन्ही ऐकून घेतलं. तो माझा टेलिफोन खात्यातला सोबती. तीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसून एकमेकांचे डबे खाल्ले. तो खडकीला राहतो, रमजानचे रोजे पाळतो, आणि त्याला पाणीसुद्धा न पिण्याबद्दल मी वर्षानुवर्षं आरोग्यविषयक सल्ले दिले आहेत.

"गोपाळराव," तो म्हणाला, "रोज्यात आमचा सूर्य मावळला की आम्ही जेवतो. तुमचा कधी मावळतो?"

मी त्याला समजावून सांगितलं. शरीर म्हणजे पाण्याचा बंब आहे. खाणं बंद झालं की शरीर आधी हाताशी असलेल्या ढलप्या जाळतं, म्हणजे यकृतातली साठवलेली साखर. ती दिवसभरात संपते. मग ते माळ्यावरची लाकडं काढतं, म्हणजे चरबी. त्या चरबीपासून कीटोन नावाचं इंधन तयार होतं, आणि त्यावर मेंदू असा काही चालतो की विचारू नका. "म्हणजे माझी ढेरी जळतेय आणि डोकं पेटतंय," मी म्हणालो.

"डोकं पेटलंय हे दिसतंय," तो म्हणाला.

मोबाईलवरच्या त्या लेखातच पुढे एक परिच्छेद होता. मेंदूला थोडी साखर तरीही लागतेच, आणि ती करायला शरीर स्नायू मोडतं. खाण्यात प्रथिनं नसतील आणि व्यायाम नसेल, तर जास्तच मोडतं. वय झालेल्यांचे गेलेले स्नायू लवकर भरून येत नाहीत. थोडक्यात, माळ्यावर लाकडं असतानाही बंबात दाराची चौकट जाते. हा परिच्छेद मी वाचला होता. तो म्हाताऱ्यांसाठी आहे असं समजून पुढे गेलो. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो.

वजन मात्र भराभर उतरलं. पहिल्या आठवड्यात उतरतं ते बरंचसं पाणीच असतं, हेही त्याच लेखात होतं. पण पट्ट्याला नवीन भोक पाडताना असं काही आठवत नाही. पँट ढगळ झाली. पेठेत लोक थांबवून विचारायला लागले. "बायकोसाठी करतोय," असं मी खालच्या आवाजात सांगायचो, म्हणजे ते मोठ्या आवाजात वाहवा करायचे. इतकं कौतुक मला खात्यात तीस वर्षांत मिळालं नव्हतं, आणि उपाशी पोटी कौतुक फार अंगी लागतं.

काही किरकोळ गोष्टी घडत होत्या. कोचातून उठताना हात टेकायला लागत होते. कोच जुना झाला, स्प्रिंगा बसल्या, असं मी ठरवलं. तुरीच्या डाळीच्या डब्याचं झाकण निघेना. हवेत दमटपणा होता. सिलिंडर सरकेना, तेव्हा हल्ली गॅस जास्त भरून देतात की काय, असं मी शेजारी बोलूनही आलो. सुहासिनी हे सगळं बघत होती. एकदा म्हणाली, "अहो, निदान भाकरी तरी खा. माझा गुडघा डॉक्टर बदलणार आहेत, तुमचा उपास नव्हे." मी तिच्याकडे क्षमाशील नजरेनं बघितलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्ट यायला लागली. ती सुहासिनीला वॉकर धरून चालवायची, नंतर काठी देऊन जिन्याकडेही घेऊन जायची. नातेवाइकांनीही हे शिकून घ्या, असं ती दोनदा म्हणाली. पण मी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना कीटोनबद्दल सांगत होतो, आणि ते बिचारे पायाला वजन बांधलेलं असल्यामुळे उठून जाऊ शकत नव्हते.

डिस्चार्जच्या दिवशी अँब्युलन्स आमच्या दारात आली. बरोबरची दोन दणकट माणसं स्ट्रेचर काढायला लागली. मी त्यांना थांबवलं. "माझ्या बायकोला मी वर नेणार," मी म्हणालो. हेमा शेजारी उभी होती आणि परीक्षा माझी होती. माणसं खांदे उडवून गाडीत बसली. अँब्युलन्स गेली.

सुहासिनीला खुर्चीत बसवलं. मदतीला आलेल्या शमशुद्दीननं वरून खुर्चीची पाठ धरली, खालून मी खुर्चीचे पाय धरले. खालच्याला जास्त भार येतो हे मला माहीत होतं, म्हणूनच ती बाजू मी मागून घेतली. पहिल्या काही पायऱ्या आम्ही झोकात चढलो. "बघ हेमा," असंसुद्धा मी म्हणालो. मग माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. मी त्यांना मनातून दटावलं. त्यांनी ऐकलं नाही. ऐकायला तिथे कोणी शिल्लकच नव्हतं. सुहासिनीची खुर्ची माझ्या बाजूला कलली, तिनं कठडा घट्ट पकडला, आणि तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. चाळीस वर्षांत मी तिला खूप वेळा चिडवलं, रडवलंही असेल. पण माझ्या हातात असताना ती घाबरली, असं कधी झालं नव्हतं. ते मला सहन झालं नाही.

जिन्याच्या वळणावर आम्ही खुर्ची कशीबशी टेकवली. मी पायरीवर बसलो. बसलो म्हणजे पायांनी मला बसवलं.

"पुरे झालं, बाबा," हेमा म्हणाली. ती चिडली नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. "मी त्या अँब्युलन्सला परत बोलावते. आई माझ्याकडे येईल."

सुहासिनीनं वाकून माझी मांडी चाचपली. मंडईत दुधी चाचपते तशीच.

"किती किलो गेले म्हणालात?"

"नऊ."

"पोट तर अजून आहेच. गेलं ते उपयोगाचं गेलं." मग ती हेमाला म्हणाली, "फोन ठेव. मला काठी दे."

"आई, जिना?"

"शिकवलाय मला. चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा, मग काठी. ह्यांनाही शिकवत होती ती मुलगी. हे भाषणात होते."

आणि ती उठली. एका हातानं कठडा, दुसऱ्यात काठी. एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर थांबून, ओठ दाबून. हेमा तिच्या मागोमाग हात पुढे करून चढत होती. मीही उठायला गेलो आणि परत बसलो. माझ्या बायकोला मी घरी नेणार होतो, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मला जिन्यात ठेवून घरी चालली होती.

शमशुद्दीनला मधुमेह आहे, साखर एकदम उतरली तर असावा म्हणून त्याच्या शर्टाच्या खिशात कायम खजूर असतो. वरून सुहासिनीच्या काठीचा आवाज घरात शिरला, तसा त्यानं एक खजूर माझ्यापुढे धरला.

"घ्या," तो म्हणाला. "मावळला सूर्य."

मी खाल्ला. मग त्यानं मला काखेत हात घालून वर नेलं.

घरात हेमा आईला समजावत होती, "चढलीस ते छानच केलंस. पण इथे तुझ्याकडे कोण बघणार? बाबांची अवस्था बघितलीस ना?"

"बघितली, म्हणून तर राहते," सुहासिनी म्हणाली. "मला चालता येतं. ह्यांना इथे एकटं ठेवून मी लिफ्टनं वर-खाली करत बसू?"

मी दारातच उभा होतो. मला रडू आलं, आणि ते अशक्तपणानं आलं असं मी कोणालाही सांगणार नाही. ती घरात राहिली होती. माझ्या त्यागामुळे नाही, माझ्या ताकदीमुळे तर नाहीच; मी तिच्याहून पांगळा निघालो म्हणून राहिली होती.

"उभे काय आहात? वरणभात लावा," ती म्हणाली. "डाळ दुप्पट घाला. उद्यापासून माझ्याबरोबर खुर्चीतून ऊठबस करायची, दोघांनी."

मी स्वयंपाकघरात जाऊन तुरीच्या डाळीचा डबा काढला. झाकण निघेना. पोटाशी धरून बघितलं, फडकं लावून बघितलं. शेवटी डबा घेऊन बाहेर आलो आणि मुकाट्यानं तिच्यापुढे धरला. तिनं काठी बाजूला ठेवली, झाकण उघडलं आणि डबा माझ्या हातात परत दिला.

"जड आहे," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी धरा."